नॉमिनीच्या रकान्यातलं नाव

बँकेतल्या टेबलासमोर सत्तरीच्या आसपासच्या एक बाई बसल्या होत्या. मांडीवर कापडी पिशवी, तीत पासबुकं, मुदत ठेवींच्या पावत्या, मृत्यूचा दाखला आणि त्याच्या पाचसहा झेरॉक्स. शेजारी मुलगी. नवरा जाऊन दीडेक महिना झालेला. समोरच्या अधिकाऱ्यानं स्क्रीनवर बघितलं, पुन्हा एकदा बघितलं आणि जरा अवघडून म्हणाला, "काकू, या ठेवीला नॉमिनी म्हणून तुमचं नाव नाहीये. काकांच्या आईंचं आहे." सासूबाई जाऊन वीस वर्षं उलटलेली. मग तो पुढचं सांगू लागला : सगळ्या वारसांच्या सह्या, हमीपत्र, प्रतिज्ञापत्र, प्रत्येकाचं आधार आणि पॅन. मुलगी भराभर लिहून घेत होती. बाईंचं मात्र तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी हळूच एवढंच विचारलं, "माझं नाव का नाही घातलं त्यांनी?"

या प्रश्नाला बँकेकडे उत्तर नसतं.

खरं उत्तर बहुतेक वेळा अगदी साधं असतं. चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी नोकरी लागते, पगार जमा व्हायला खातं उघडायचं असतं, लग्न झालेलं नसतं, आणि फॉर्मवरच्या त्या रकान्यात मुलगा आईचं नाव लिहितो. त्या वयात दुसरं नाव सुचायचं तरी कोणतं? पुढे त्याच खात्यातून ठेवी निघतात, मुदत संपली की आपोआप नूतनीकरण होतं आणि जुना नॉमिनी पुढच्या पावतीवर तसाच उतरतो. लग्न होतं, मुलं होतात, आई जाते, तिचं वर्षश्राद्ध होतं, शाखा बदलते, बँकेचं विलीनीकरणसुद्धा होतं, पण त्या रकान्याकडे कुणी वळून बघत नाही. पस्तीस-चाळीस वर्षांनी तो रकाना पहिल्यांदा वाचला जातो तो दुःखात बुडालेल्या बायकोकडून. आणि ती तो फॉर्म म्हणून वाचत नाही, नवऱ्यानं आपल्याबद्दल मागे ठेवलेला शेवटचा शब्द म्हणून वाचते. पैसे तिला मिळतात, चार-सहा महिने उशिरा का होईना. ती टोचणी मात्र राहते, आणि ती दूर करणारा माणूसच आता नसतो.

म्हणून निवृत्तीनंतरच्या पैशाबद्दल बोलताना व्याजदरांच्या आधी या रकान्याबद्दल बोलावंसं वाटतं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे आता बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं, पण प्रसंग आला की विसरलं जातं. बँक नॉमिनीच्या हातात पैसे ठेवते आणि मोकळी होते. ते पैसे कुणाचे, हे ठरतं मृत्युपत्रावरून, आणि मृत्युपत्र नसेल तर वारसा कायद्यावरून. सर्वोच्च न्यायालयानं १९८४ साली विम्याच्या बाबतीत हेच सांगितलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबतही तेच. विम्याला २०१५ च्या दुरुस्तीनं एक वेगळी वाट दिली : नॉमिनी आईवडील, नवरा-बायको किंवा मुलं यांपैकी असेल तर ती रक्कम त्याचीच मानली जाते. बाकी ठिकाणी थोरल्या मुलाचं नाव नॉमिनी म्हणून घातलं, म्हणजे त्याला दिलं असं होत नाही. धाकटीनं हिस्सा मागितला तर तो द्यावाच लागतो, आणि मग "बाबांनी माझं नाव घातलं होतं" आणि "माझाही हक्क आहे" या दोन वाक्यांमध्ये भाऊबहिणीचं नातं चिरडून जातं. दोघंही खरंच बोलत असतात.

मृत्युपत्र नसेल तर काय होतं, याबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज असा की नवऱ्याचं सगळं बायकोला मिळतं. तसं नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार (तो बौद्ध, जैन आणि शिखांनाही लागू आहे) पुरुषाच्या मागे पहिल्या वर्गात बायको, मुलगे, मुली आणि आई येतात, आणि सगळ्यांना सारखा वाटा. म्हणजे बायको, दोन मुलं आणि हयात असलेली म्हातारी आई असेल, तर राहत्या घरातला बायकोचा वाटा एक चतुर्थांश. आईचा हा वाटा लोकांच्या ध्यानीमनीही नसतो. पुढे आई गेली की तिचा चतुर्थांश तिच्या सगळ्या मुलामुलींकडे जातो, आणि एके दिवशी आपल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये दिरांचा आणि नणंदांचाही थोडा थोडा हिस्सा आहे हे त्या बाईला वकिलाकडे कळतं. घर विकायचं तर त्या सगळ्यांच्या सह्या, नाहीतर नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र. कुणी वाईट नसतं. पण एक दीर परदेशात असतो, एका नणंदेची मुलं आपसांत बोलत नाहीत, आणि घराचं गिऱ्हाईक किती दिवस थांबणार?

भविष्यनिर्वाह निधीचं आणखी वेगळं. अविवाहित असताना आईचं किंवा भावाचं नाव दिलेलं असेल, तर लग्न होताच ते नामनिर्देशन आपोआप रद्द ठरतं आणि कुटुंबातल्या व्यक्तीचं नाव नव्यानं द्यावं लागतं. ग्रॅच्युइटीलाही तसाच नियम आहे. बँकेतलं नाव मात्र लग्नानं रद्द होत नाही, ते तसंच चालू राहतं. त्यामुळे एकाच माणसाच्या एका कागदावर नॉमिनीच नाही, दुसऱ्यावर दिवंगत आई आणि तिसऱ्यावर बायको, असं चित्र अगदी सर्रास दिसतं.

हे सरळ करायला एक दुपार पुरते. सगळी पासबुकं, पावत्या, पॉलिसी, फंडांची विवरणपत्रं टेबलावर मांडायची आणि प्रत्येकावरचा नॉमिनी वाचायचा, आठवायचा नाही. बँकेत पूर्वी एकच नॉमिनी देता यायचा. १ नोव्हेंबर २०२५ पासून चार देता येतात. ठेवींसाठी ते एकत्रितपणे, टक्केवारी लिहून देता येतात (बेरीज बरोबर शंभर भरली पाहिजे) किंवा एकापाठोपाठ एक, म्हणजे पहिला हयात नसेल तर दुसरा. लॉकरसाठी फक्त एकापाठोपाठ एक. वयस्क जोडप्यांसाठी हा दुसरा प्रकार अधिक उपयोगी, कारण आधी जोडीदार आणि त्याच्यामागे मुलं, हा क्रम फॉर्म न बदलता सांभाळला जातो. फॉर्म दिल्यावर पोच घ्यावी आणि पुढच्या पावतीवर नाव छापून आलंय का ते डोळ्यांनी बघावं. फॉर्म दिला पण संगणकात चढलाच नाही, हे घडतं. गृहनिर्माण संस्थेत नामनिर्देशनाचा अर्ज तीन प्रतींत द्यायचा, कार्यकारिणीच्या सभेत त्याची नोंद झाली की एक प्रत परत घ्यायची. तिथेही नॉमिनीला तात्पुरतं सदस्यत्व मिळतं. घर त्याचं होतं असं नाही.

आता नावाबद्दल. हा विषय छोटा वाटतो, पण दावे अडतात ते इथेच. आपल्याकडे आज सत्तरीत असलेल्या कितीतरी बायकांचं लग्नात नाव बदललं. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, आधारवर सासरचं पण वडिलांच्या नावासह, पेन्शनच्या कागदावर नवऱ्यानं घाईत लिहिलेलं "सौ. शांता" आणि बँकेत "शांताबाई". इंग्रजी स्पेलिंग तर प्रत्येक ठिकाणी वेगळं. नवरा हयात असताना हे कुणाला खटकत नाही, कारण तिच्या नावानं काही मागायचंच नसतं. तो गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतनाच्या खिडकीवर तिला ती स्वतःच आहे हे सिद्ध करावं लागतं. माहेरच्या आणि सासरच्या नावाची व्यक्ती एकच, असं प्रतिज्ञापत्र करून किंवा राजपत्रात नावबदल छापून घेऊन हे निस्तरता येतं, पण ते दोघं असताना करण्यात आणि एकटीनं करण्यात फार फरक आहे. लग्नाच्या नोंदणीचंही तेच. त्या पिढीतल्या अनेकांच्या लग्नाची नोंदच नाही. पत्रिका आणि एक धूसर फोटो एवढाच पुरावा. महाराष्ट्रात उशिरानेही विवाहनोंदणी करता येते, पण तिथे सही करायला दोघं लागतात.

निवृत्त होताना माणसं सत्कार, शाल, नारळ, मुलाच्या फ्लॅटचा हप्ता, सगळ्याचा विचार करतात. पेन्शनच्या कागदावर बायकोचं नाव आणि जन्मतारीख तिच्या आधारशी जुळते का, हे बघायला पाच मिनिटं लागतात. ती द्यावीत.

मृत्युपत्राबद्दल दोन भीती आढळतात. एक, ते केलं की मरण जवळ येतं. या भीतीशी वाद घालू नये, ती समजण्यासारखी आहे. घरात कुणी हा विषय काढला की आईच्या चेहऱ्यावर जे उमटतं, ते खरंच असतं. दुसरी भीती खर्चाची, आणि ती मात्र निराधार आहे. मृत्युपत्र साध्या कोऱ्या कागदावर, स्वतःच्या हातानं, मराठीत लिहिता येतं. मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. सक्तीचं आहे ते इतकंच : करणाऱ्याची सही किंवा अंगठा, आणि ती सही होताना पाहिलेल्या (किंवा "ही माझी सही" असं त्याच्याकडून ऐकलेल्या) किमान दोन साक्षीदारांच्या त्याच्यासमोर केलेल्या सह्या. बिघडतं नेमकं इथेच. एक साक्षीदार समोर असतो, दुसऱ्याकडे कागद दोन दिवसांनी पाठवला जातो आणि तो विश्वासानं सही करून देतो. उद्या वाद झाला तर साक्षीदाराला न्यायालयात सांगावं लागतं, आणि तेव्हा हे बाहेर येतं. साक्षीदार आपल्याच वयाचे मित्र घेतले जातात. खरं तर ते आपल्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असावेत, आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांच्यापैकी कुणी नसावेत. प्रत्येक पानावर सही, तारीख, खाडाखोड झाली तर तिथेही सही. पंचाहत्तरीच्या पुढे असाल तर त्याच दिवशी ओळखीच्या डॉक्टरांकडून शुद्धीवर आणि समजून-उमजून आहेत असा दाखला जोडावा. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी केली तर उत्तमच, कारण मग कागद हरवल्याचा, बदलल्याचा प्रश्न उरत नाही.

मजकुरात मिळकतीचं वर्णन नेमकं हवं : गट नंबर, क्षेत्र, गाव, फ्लॅटचा क्रमांक, संस्थेचं नाव. ठेवींचे क्रमांक मात्र लिहू नयेत, ते दर नूतनीकरणाला बदलतात. "अमुक बँकेतल्या माझ्या सर्व ठेवी" पुरेसं. आणि शेवटी एक वाक्य कधीही विसरू नये : वर न लिहिलेली माझी जी काही मिळकत निघेल ती अमक्याला. हे वाक्य नसेल तर विसरलेली एक ठेव, जुने शेअर किंवा गावाकडची दोन गुंठे जमीन पुन्हा वारसा कायद्याच्या दारात जाऊन बसते. मुस्लिम कुटुंबांना वेगळा नियम आहे, तिथे वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशाहून अधिक मृत्युपत्रानं देता येत नाही.

एका वाक्याबद्दल ठाम मत आहे. मराठी मृत्युपत्रांत हमखास असतं ते हे वाक्य : "राहत्या घराचा उपभोग माझ्या पत्नीने हयातीत घ्यावा, तिच्या पश्चात घर मुलांकडे जावे." लिहिणाऱ्याला वाटतं, दोघांचीही सोय झाली. प्रत्यक्षात त्या बाईला राहण्यापलीकडे फारसं काही उरत नाही. अर्धांगवायूनंतर रोज माणूस ठेवावा लागला, किंवा तीन मजले चढवेनात म्हणून लिफ्ट असलेलं छोटं घर घ्यायचं झालं, तर ती स्वतःच्या निर्णयानं घर विकू शकत नाही. मुलांच्या सह्या लागतात आणि त्या मागताना आई मागणारी होते. जिच्याबरोबर चाळीस वर्षं संसार केला, तिच्यावर घर विकण्याइतका विश्वास टाकायला हरकत काय? घर तिच्या पूर्ण मालकीचं करावं आणि ते तसंच लिहावं. मुलांचं प्रेम खरं असेल तर त्यांना हे रुचतं, आणि नसेल तर मग ते असंच लिहायला हवं होतं.

याच्या उलट टोकाला हयातीतच घर मुलाच्या नावावर करून टाकणारे असतात. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन नवरा-बायको, मुलं, नातवंडं यांना बक्षीसपत्रानं देताना मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, त्यामुळे मोह होतो. मृत्युपत्र मरेपर्यंत कितीदाही बदलता येतं. नोंदणी झालेलं बक्षीसपत्र मनात आलं म्हणून मागे घेता येत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ मध्ये एक आधार आहे : सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि तो सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरवून घेता येतं. त्यासाठी उपविभागीय अधिकाऱ्यांसमोरच्या न्यायाधिकरणाकडे जायचं. पण ही अट बक्षीसपत्रात लिहिलेली असावी. "मुलगा आहे, अट कशाला घालायची" असं म्हणून ती गाळली जाते आणि मग ती होती हे सिद्ध करत बसावं लागतं. अट लिहिणं म्हणजे अविश्वास, असं वाटून अनेक वडील गप्प राहतात. चांगल्या मुलाला त्या ओळीचा कधीच त्रास होत नाही.

निवृत्तीचे पैसे ठेवायचे कुठे, यावर घरोघरी खूप बोललं जातं, म्हणून थोडक्यात. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत साठीनंतर ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, मुदत पाच वर्षं, व्याज दर तिमाहीला. २०२३ पासून नव्या खात्यांचा दर ८.२ टक्के आहे. यातली एक बारीक गोष्ट : खातेदार गेल्यावर त्या खात्यावर पुढे फक्त बचत खात्याचं व्याज मिळतं. मात्र जोडीदार संयुक्त खातेदार किंवा एकमेव नॉमिनी असेल, या योजनेसाठी पात्र असेल आणि त्याचं स्वतःचं दुसरं असं खातं नसेल, तर मुदत संपेपर्यंत खातं त्याच दरानं चालू ठेवता येतं. म्हणजे खातं एकट्याच्या नावावर असेल, तर इथेही रकान्यात बायकोबरोबर मुलाचं नाव जोडलं की ही सवलत जाते. बँक बुडाली तर ठेवींना विमा ५ लाखांचा, एका बँकेच्या सगळ्या शाखांतल्या रकमा आणि व्याज मिळून. एकट्याचं खातं आणि दोघांचं संयुक्त खातं वेगवेगळं धरलं जातं. २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी (पीएमसी) बँकेवर निर्बंध आले तेव्हा हा विमा अवघा १ लाखाचा होता. फेब्रुवारी २०२० पासून तो ५ लाख झाला. अर्ध्या टक्क्यासाठी सगळी ग्रॅच्युइटी एका सहकारी बँकेत ठेवणाऱ्यांना तेव्हाच्या रांगा आठवत असतील.

आणि खाती कुठे आहेत हे घरात दुसऱ्या कुणाला तरी माहीत हवं. दहा वर्षं कुणी हात न लावलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे जातात. त्या बुडत नाहीत, 'उद्गम' या संकेतस्थळावर नाव घालून शोधता येतात, वारसांना मागताही येतात. पण शोधायचं आहे हे ठाऊक असणारा कुणीतरी लागतो. एका वहीत बँक, शाखा, ठेवीची रक्कम, पॉलिसी, पेन्शनचा आदेश क्रमांक, लॉकरची किल्ली कुठे, एवढं लिहावं. पिन आणि पासवर्ड नकोत. आणि माणूस गेल्यावर त्याचा मोबाईल नंबर घाईनं बंद करू नये. मुदत संपल्याचे, हप्ता थकल्याचे, लाभांश जमा झाल्याचे संदेश त्याच नंबरवर येत राहतात, आणि कुठे काय आहे ते त्यातूनच कळत जातं. एटीएम कार्डानं पैसे काढणं मात्र थांबवायचं. बायकोनं काढले तरी ते नियमात बसत नाही आणि पुढे इतर वारसांपुढे हिशेब द्यावा लागतो. मृत्यूनंतर जमा झालेली पेन्शनही परत जाते, ती खर्चात धरू नये.

हे सगळं लिहिताना "ती" मागे उरणार असंच गृहीत धरलं जातं, आणि तिचं स्वतःचं मृत्युपत्र कुणाला आठवतच नाही. तिच्या नावावर आहे काय, असं तीच म्हणते. असतं. नोकरी केली असेल तर तिचा निधी, नसेल तरी माहेरच्या जमिनीतला वाटा (हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलगी जन्मानंच सहहिस्सेदार आहे), आणि दागिने. याच कायद्यानुसार मूल नसलेली विधवा मृत्युपत्राविना गेली तर तिनं स्वतः कमावलेलंसुद्धा नवऱ्याच्या वारसांकडे जातं, तिची सख्खी आई हयात असली तरी. दीर-पुतण्यांशी तीस वर्षं संबंध नसेल तरीही. आईवडिलांकडून वारशानं आलेलं तेवढं वडिलांच्या वारसांकडे परत वळतं. म्हणून ज्या दिवशी साक्षीदार घरी बोलावले असतील, त्याच दिवशी तिचाही वेगळा कागद करून घ्यावा. दोन्ही मृत्युपत्रांना तेच दोन साक्षीदार चालतात. दागिन्यांच्या यादीत "पाटल्या मुलींना" असं लिहून भागत नाही. कुठल्या पाटल्या, वजन किती, घडण कशी, कुणाला कोणती, हे तिच्याच तोंडून ऐकून तिच्याच शब्दांत उतरवावं, प्रत्येक दागिन्याचा फोटो जोडावा, आणि फोटोच्या पानांवरही तिची आणि साक्षीदारांची सही घ्यावी.